एनवरची भुवई

पावतीवर माझं नाव असं आलं होतं: पी, ई, मग एक प्रश्नचिन्ह, मग ए. वर तारीख, खाली एक वाडगा, तांबडा भात, काळ्या बीन्स, भाजलेली कोंबडी, कांदा नको. आणि मधोमध हे. शुक्रवारची दुपार होती, कुलेब्रा रोडवरच्या दुकानातली रांग दाराबाहेर गेली होती, आणि मी कडेला उभा राहून त्या प्रश्नचिन्हाकडे बघत होतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाविषयी एखाद्या यंत्राला शंका यावी यात गैर काही नाही, मलाही येतात. पण ती नेमकी तिसऱ्या अक्षरावर यावी, आणि ज्या दुकानाच्या दारावर तेच नाव माझ्या उंचीच्या अक्षरांत लावलंय त्याच दुकानात यावी, याचा मला आलेला वैताग भुकेपेक्षा बराच मोठा होता.

"पे... आ? पे-आ कोण आहे?" काउंटरमागची मुलगी ओरडली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर यारित्सा असं नाव होतं, पूर्ण, एकही अक्षर न गाळता.

मी पुढे झालो. "पेन्या," मी म्हणालो.

"माहितीय हो मला. माझी आजी पेन्यांचीच. पण मशीनला ते अक्षर येत नाही, आणि मशीनवर दिसेल तेच ओरडायचं असा नियम आहे."

"दुकानाचं नाव तर आलंय की. हे काय, पावतीच्या डोक्यावर."

"ते चित्र आहे," ती म्हणाली. "चित्र येतं त्याला. अक्षर येत नाही." मग ट्रे पुढे सरकवत, "तुम्ही त्या पेन्यांपैकी की काय? मग फुकट असेल तुम्हाला."

"नाही."

"निदान ग्वाकामोले तरी द्यायला हवं मेल्यांनी," ती म्हणाली आणि पुढची हाक मारली. त्या माणसाचं नाव स्मिथ होतं. यंत्राला काही अडचण आली नाही.

खरं तर चूक माझीच. एरवी अशा ठिकाणी मी पेना असं सांगून मोकळा होतो. नोकरीत मी पेना आहे, गाडीच्या परवान्यावर पेना आहे, दातांच्या डॉक्टरांच्या फायलीत पेना आहे, आणि ऑस्टिनला शिकणाऱ्या माझ्या मुलीला तर तिच्या मैत्रिणी पीना म्हणतात आणि ती ओ देते. आमच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, पेन्या म्हणजे खडक. एनच्या डोक्यावरची ती नागमोडी रेघ काढली की उरतं पेना, म्हणजे लाज. लाज, दुःख, संकोच, चारचौघांत कानकोंडं होणं, सगळं त्या एका शब्दात. सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागात अर्धी वस्ती अशी आहे जी घरात खडक असते आणि सरकारी कागदावर लाज. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही नाही. मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या वाक्यांतले हरवलेले स्वल्पविराम शोधण्याचा मला तीस वर्षं पगार मिळतो आहे, आणि घरचं हरवलेलं चिन्ह शोधायला मला कुणी कधी नेमलं नाही. पण त्या दुपारी यारित्साच्या मशीनने नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पेन्या आलं, कारण खिशातल्या फोनमध्ये नऊ दिवसांपूर्वी आलेली, आता हे दुकान चालवणाऱ्या कंपनीची मेल होती आणि तिला उत्तर द्यायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. उत्तर नाही दिलं तर संमती धरू, असं शेवटच्या ओळीत होतं. मी संमती द्यायचीच असं ठरवून निघालो होतो. शेवटचं एकदा त्या पाटीखाली जेवावं आणि बटण दाबावं. यात थोडा भावनेचा भाग होता, तो त्या प्रश्नचिन्हाने नासवला.

मी भिंतीजवळच्या टेबलावर बसलो. भिंतीवर कंपनीने आमची गोष्ट छापली आहे. तिच्यात माझे वडील आहेत, इलारियो पेन्या, ज्यांना आम्ही अपा म्हणायचो. एकोणऐंशी साली याच जागेत त्यांनी टाकोचं दुकान काढलं हे आहे. आणि त्यांच्या झुबकेदार मिशीवरून नावावरची ती प्रसिद्ध नागमोडी रेघ आली असंही आहे. अपांनी आयुष्यात मिशी ठेवली नाही. मिशीखाली बीन्स अडकतात म्हणायचे. पण भिंतीवरच्या चित्रात त्यांना मिशी आहे, डोक्यावर मोठ्या काठाची टोपी आहे, आणि मागे निवडुंग. अपांना निवडुंगाचं कौतुक नव्हतं. ते कापून, काटे काढून, अंड्यात परतायचे. दर वेळी मी ह्या भिंतीकडे पाठ करून बसतो. त्या दिवशी तोंड करून बसलो आणि भात चिवडत राहिलो. एकतीस दुकानांत एकतीस भिंती, आणि प्रत्येक भिंतीवर माझ्या बापाच्या ओठावर एक परका केस.

मेल डॅलसहून कोर्टनी नावाच्या बाईंची होती. त्या कंपनीच्या ब्रँडच्या प्रमुख. मला त्यांनी पहिल्याच ओळीत एवारिस्तो म्हणून हाक मारली होती आणि आपण किती उत्साहात आहोत ते कळवलं होतं. गेल्या वीस वर्षांत ह्या दुकानाची नावं मी पाठ केली आहेत: आधी ताकेरिया पेन्या, मग पेन्याज, मग पेन्या फ्रेश, मग नुसतं पेन्या, कारण सर्वेक्षणात लोकांना फ्रेश शब्द शिळा वाटला. आता नवीन सर्वेक्षण झालं होतं. त्यात असं आढळलं की गिऱ्हाइकांना मिशी फार आवडते, पण ती तिसऱ्या अक्षरावर असल्यामुळे एका बाजूला कललेली वाटते. तेव्हा ती सुटी करून ई आणि एन यांच्या बरोबर मध्ये, जरा वर, तरंगती ठेवायची. शिवाय असंही आढळलं की गिऱ्हाइकांना नाव उच्चारताना संकोच वाटतो. तेव्हा यापुढे अधिकृत उच्चार पेना. म्हणजे संकोच टाळण्यासाठी दुकानाचं नाव संकोच ठेवायचं ठरलं होतं, आणि हे ठरवणाऱ्या खोलीत आमची भाषा येणारा एकही माणूस नव्हता, किंवा होता आणि त्याला बोलायला संकोच वाटला.

संमती माझीच का, तर दुकान विकताना अपांनी करारात एक कलम घालून घेतलं होतं. नावाच्या अक्षरांत काहीही बदल करायचा तर माझ्या मुलाची लेखी संमती लागेल. दोन हजार चार साल होतं. वकिलाने माझं नाव माझ्या परवान्यावरून उतरवून घेतलं, एवारिस्तो पेना. अपा कागद बोटाने वाचायचे. बोट माझ्या आडनावापाशी आलं, थांबलं, आणि पुढे गेलं. मी समोर खुर्चीवर बसून छताचा पंखा बघत होतो. अपांना जाऊन आता चौदा वर्षं झाली, आणि ते बोट अजून मधूनमधून माझ्यापाशी येऊन थांबतं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर सही करताना आलं होतं. पहिल्या पगाराची पावती सापडली तेव्हा आलं होतं. बोलत काही नाही. ओरडले असते तर मी उलटून काहीतरी म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

फोन वाजला. माझी धाकटी बहीण, निदिया. ती ह्यूस्टनला असते आणि प्रत्येक बाबतीत माझ्याआधी ठरवून मोकळी होते.

"केलीस का सही, वारो?"

"जेवतोय."

"नऊ दिवस जेवतोयस तू. अरे, एक रेघ ती. इकडची तिकडे. बीन्स तर त्याच आहेत ना? बीन्स पण त्याच नाहीत म्हणा, ते सोड."

"पेना म्हणणार आहेत, निदिया."

"मग? तुला चाळीस वर्षं म्हणताहेत, मेलास का? स्वतः मिरवायचं बिनरेघेचं आणि दुकानाने मात्र रेघ लावून उभं राहायचं तुझ्यासाठी." ती थांबली. "हे बघ, अमाला सांगू नकोस. ब्याऐंशी वय तिचं. रविवारी चर्चमध्ये मिसा झाली की तिथे जाते, बीन्सना नावं ठेवते आणि खूश होऊन घरी येते. तिला दिसतंय कुठे वरचं."

अमा म्हणजे आमची आई. तिला सगळं दिसतं. आणि निदियाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हाच त्यातला त्रास होता. मला नाही म्हणायचा काय अधिकार? तिसरीत असताना बाईंनी माझ्या वहीवरच्या नावावर लाल पेन्सिल ओढली आणि म्हणाल्या, हे इथे चालत नाही, आपल्या फळ्यावरच्या अक्षरांच्या पट्टीत बघ, आहे का असं काही? मी बघितलं. ए पासून झेड पर्यंत सव्वीस, कुणाच्याही डोक्यावर काही नाही. मुलांमध्ये कुणी हसलं नाही, कारण निम्म्यांच्या वहीवर तीच लाल रेघ होती. पुढच्या पानावर मी पेना लिहिलं आणि मला चांदणी मिळाली. कागदी, सोनेरी, चाटून चिकटवायची. मला ती अजून आठवते, त्या डिंकाची चव गोडसर होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात अपांनी दुकान घेतलं आणि पाटी रंगवायला डॉन तिमोतेओ आले, शिडी आणि चार डबे घेऊन. अपा मांस आणायला गेले होते. डॉन तिमोतेओ म्हणाले, काय लिहायचं ते कागदावर लिहून दे, मी शब्द रंगवत नाही, अक्षरं रंगवतो. मी वहीचं पान फाडलं आणि अगदी चांदणी मिळेल असं, सुवाच्य, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. नक्की? म्हणाले. मी म्हणालो, शाळेत असंच असतं. शाळेपुढे त्यांचं काही चालेना. दुपारपर्यंत पिवळ्यावर लाल अक्षरांत आमची पाटी झाली: लाजेचं टाकोचं दुकान. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली येऊन गेली. "इलारियो, दोन लाजा दे रे, बटाटा घालून." "आमच्या म्हातारीला तिखट चालत नाही, तिला साधीच लाज दे." "बांधून दे, घरी नेऊन लाजतो." अपा हसून सगळ्यांना वाढत होते. रात्री कुणी मला काही विचारलं नाही. सकाळी उठलो तर अमा खुर्चीवर उभी, हातात मागच्या दाराच्या हिरव्या रंगाचा डबा, आणि एनच्या डोक्यावर तिने एकच फटकारा मारला, आरशासमोर ती रोज स्वतःची भुवई काढते तसा: आतल्या टोकाला जाड, बाहेर निमुळता, आणि जरा जास्तच उंच. खाली उतरली, मान तिरकी करून बघितलं आणि कणीक मळायला आत गेली. एकतीस दुकानांवर जी मिशी तरंगणार होती ती ही.

वाडगा अर्धा तसाच टाकून मी उठलो. यारित्साने विचारलं, आवडलं नाही का? मी म्हणालो, बीन्स बदलल्या आहेत. ती म्हणाली, सगळे तेच म्हणतात, पण खातात. गाडीत बसल्यावर बटण दाबायला काही हरकत नव्हती. दाबलं नाही. गाडी आपोआप पश्चिमेकडे वळली असं म्हणणार होतो, पण माझी गाडी जुनी आहे, तिच्यात काहीही आपोआप होत नाही.

अमा ओसरीत बसून बीन्स निवडत होती. खडे एका बाजूला, बीन्स एका बाजूला. हल्ली पिशवीतल्या बीन्समध्ये खडे नसतात, म्हणून तिची चिडचिड होते. तरी ती शोधते. भुवया काढलेल्या होत्या. ब्याऐंशीव्या वर्षीही भुवया काढल्याशिवाय ती टपालवाल्यासमोर येत नाही.

"कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. सहज आलो."

"शुक्रवारी? कामाच्या दिवशी? तू सहज रविवारीसुद्धा येत नाहीस, मिहो." मिहो म्हणजे पोरा, पंचावन्नाव्या वर्षीही.

मी सांगितलं. निदियाने सांगू नको म्हटलं होतं तेही सांगितलं. फोनवर नव्या पाटीचं चित्र होतं ते दाखवलं. तिने चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकापाशी नेला आणि बराच वेळ बघितलं.

"हे काय मध्येच? झुरळ?"

"मिशी आहे, अमा. अपांची."

"तुझ्या बापाला मिशी नव्हती."

"ते त्यांना माहीत नाही."

"ही माझी भुवई आहे," ती म्हणाली. "माझ्या दाराच्या रंगाची. पुरुषाच्या ओठावर चिकटवली होय यांनी?" तिने फोन बीन्सवर ठेवला. "आणि तू काय म्हणालास?"

"अजून काही नाही. मी कोण नाही म्हणणार? पहिल्यांदा रेघ खाल्ली ती मीच ना." हे मी सेहेचाळीस वर्षांत कुणाला बोललो नव्हतो. बोलल्यावर मला चीड आली, की इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं वागवली. "तो कागद मी लिहून दिला होता. डॉन तिमोतेओंना."

"माहितीय की. कागद मीच उचलला शिडीखालचा. काय सुंदर अक्षर होतं." तिने एक बी उचलून उजेडात धरली आणि परत टाकली. "बापाला दाखवला. मी म्हटलं, त्याला चार फटके दे. तो म्हणाला, राहू दे, मोठा झाला की त्यालाच ती रेघ राखायला लावू."

मी ओसरीच्या खांबाकडे बघत राहिलो. मागचं दार आता पांढरं आहे. पण खांबाच्या बुडाशी त्या हिरव्या रंगाचा एक ओघळ राहून गेला आहे, तो दर वेळी दिसतो आणि दर वेळी मी त्याला बघत नाही. म्हणजे ते बोट माझ्या आडनावापाशी थांबलं ते आरोप करायला नव्हे. किंवा आरोप करून, वर कामाला लावायला. अपांचं काही सांगता येत नसे. ते उरलेली पोळीसुद्धा टाकत नसत.

पाचला वीस मिनिटं होती. मी फॉर्म उघडला. दोन चौकोन होते. मी 'संमती नाही'वर टिचकी मारली, आणि खाली आलं: आपलं पूर्ण नाव करारात आहे तसं टाइप करा. मी एवारिस्तो टाइप केलं, मग पी, ई, मग एनवर बोट दाबून धरलं. दाबून धरलं की आत लपून बसलेलं ते अक्षर वर येतं. हे मला माझ्या मुलीने दाखवलं होतं, आणि मी ते एकदाही वापरलं नव्हतं. ए. बटण दाबलं. तांबड्या अक्षरांत उत्तर आलं: नाव जुळत नाही. मी पुन्हा तेच केलं, सावकाश. नाव जुळत नाही. एक प्रयत्न शिल्लक.

"काय म्हणतोय?" अमाने विचारलं.

"म्हणतोय, हा माणूस मी नाही."

"मग कोण आहेस म्हणतोय?"

"पेना."

शेजारच्या अंगणात कुणीतरी पाण्याची नळी सोडली होती, तिचा आवाज येत होता. मी विचार करत होतो की हे कुणी मुद्दाम रचलं असतं तर मी मुद्रितात त्यावर खूण केली असती, फार जुळवून आणलंय म्हणून. रेघ राखायची तर रेघ न लावता सही करायची. खडकाने यायचं तर ओळखपत्र लाजेचं आणायचं.

"मग टाक ना," अमा म्हणाली.

"लाज टाकू?"

"चाळीस वर्षं टाकतोयसच की. आज अडून बसलास होय? आज निदान कामाला तरी येईल."

मी टाइप केलं. पी, ई, एन, ए. अक्षरं एकदम सुखात बसली, तांबडं काही आलं नाही, बटण हिरवं झालं. बोट खाली नेणार तोच अमा म्हणाली, "थांब." तिने झग्याच्या खिशातून भुवईची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, माझा फोन डाव्या हातात घट्ट धरला आणि काचेवर, त्या एनच्या डोक्यावर, एकच फटकारा मारला. मान तिरकी करून बघितलं. "हं. दाब आता."

मी दाबलं. आपला नकार नोंदवला आहे, असं आलं, आणि पान सरकून वर गेलं. माझं नाव गेलं. भुवई गेली नाही. ती काचेवरच होती, खाली कोरी पांढरी जागा. मी बाहीने पुसणार होतो तर अमाने हातावर चापट मारली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर निदियाचं नाव आलं. काचेला कान लावला तर रेघ पुसली जाईल म्हणून मी फोन बीन्सच्या ताटात तसाच उताणा ठेवला आणि आवाज मोठा केला.

"केलीस एकदाची सही?"

"केली."

"सुटलो बाबा. बघ, एवढंच होतं. काही वाटलं नाही ना तुला?"

"वाटली की," मी म्हणालो. "लाज. ती टाइप करावी लागली. त्याशिवाय नकार घेत नव्हते."

"नकार?" निदिया म्हणाली. अमा खडे शोधत होती. ताटातल्या काचेवर माझ्या बहिणीचं नाव उजळून थांबलं होतं, आणि त्याच्या पहिल्याच अक्षरावर, एनवर, ती भुवई बसली होती, आतल्या टोकाला जाड, बाहेर निमुळती, आणि जरा जास्तच उंच.